एकाच बादलीतून तीन बाटल्या: इंदूर आणि उज्जैन यांच्या मधल्या नगर परिषदेनं सुरुवात कुठून करायची?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिता की इंदूर आणि उज्जैनच्या मध्ये असलेल्या एका नगर परिषदेत तुम्ही पहिल्यांदाच पार्षद म्हणून निवडून आलात. कान्ह नदी तुमच्या वॉर्डाच्या मागून जाते. वरून इंदूरचं पाणी येतं, खालून उज्जैनच्या तक्रारी येतात. आता तुमचं गाव नव्या महानगर क्षेत्राच्या नकाशातही आलंय. प्रत्येक बैठकीत ‘सगळ्या शहरांनी मिळून काम केलं पाहिजे’ असं सांगतात, पण उद्या सकाळी उठून काय करायचं ते कोणी सांगत नाही. तुमचे शब्द असे आहेत: ‘आमच्यासारख्या लहान नगर परिषदेच्या हातात नेमकं आहे तरी काय?’

बरंच आहे. मी इंदूरचाच, रामबागेत वाढलेला. सांडपाणी आणि पाणीपुरवठ्याच्या कामात 31 वर्षं काढली, त्यातली निम्मी इंदूर, देवास आणि उज्जैन यांच्या हद्दींवर. म्हणून जे केलंय आणि जे करताना फसलंय तेवढंच सांगतो.

आधी प्रश्न थोडा वेगळ्या शब्दांत मांडतो. ज्याच्या हद्दीत पाणी खराब होतं त्याला त्याचा त्रास होत नाही. ज्याला त्रास होतो त्याच्या हद्दीत उपाय नसतो. आणि मधल्या गावांना दोघंही विचारत नाहीत. या तिघांना एकाच आकड्यावर कसं आणायचं, हा तुमचा खरा प्रश्न आहे. मनं जुळली की कामं होतील असं समजून मी सुरुवातीची बरीच वर्षं वाया घालवली. मनं जुळलेलीच होती हो. उज्जैनचे अभियंते माझे मित्र होते, आम्ही एकमेकांच्या घरी लग्नाकार्याला जात होतो. आकडे मात्र जुळत नव्हते, आणि आकडे जुळत नाहीत तोवर मैत्रीचा नदीला उपयोग होत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमचं गाव कान्हच्या मुख्य पात्रावर आहे की एखाद्या नाल्यावर, परिषदेत तुमच्या बाजूनं किती जण आहेत, सीएमओ, म्हणजे मुख्य नगरपालिका अधिकारी, किती दिवस टिकणार, आणि तुमच्या स्वतःच्या गावाचं सांडपाणी कुठं जातं. या शेवटच्या मुद्द्याकडे परत येईन, कारण तिथेच बहुतेक लहान गावांची बाजू लंगडी पडते.

आता तो प्रसंग सांगतो, ज्यानं माझी काम करायची रीत बदलली. एका बैठकीत नदीच्या पाण्यावर चर्चा होती. एका कार्यालयानं आपले नमुने आणले होते, दुसऱ्यानं आपले. एकाचं पाणी बऱ्यापैकी चांगलं, दुसऱ्याचं अगदी घाण. तीन तास वाद झाला. शेवटी कळलं की एकानं नमुना पुलाच्या वरच्या अंगाला, मधल्या धारेतून घेतला होता, आणि दुसऱ्यानं पुलाच्या खाली, जिथं वस्तीचा नाला मिळतो तिथं काठावरून. दिवस वेगळे, वेळा वेगळ्या. दोघंही खरं बोलत होते. मागच्या बाकावर बसलेले प्रयोगशाळेतले एक वयस्कर सहाय्यक उठले आणि म्हणाले, ‘साहेब, एकाच बादलीतून तीन बाटल्या भरा. एक यांची, एक त्यांची, एक तिसऱ्याच प्रयोगशाळेची.’ खोलीत कोणाला यावर काही बोलता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही ते केलं. दोरी बांधलेली बादली, पुलाचा मधला गाळा, दोन्हीकडचे दोन कनिष्ठ अभियंते. बादली आधी नदीच्याच पाण्यानं तीनदा विसळली, मग भरली. बाटल्यांच्या तोंडावर चिकटपट्टी, तिच्यावर दोघांच्या सह्या, वेळ घड्याळात बघून लिहिलेली, बाटल्या बर्फाच्या डब्यात. एवढं करायला वीस मिनिटं लागली. तीन निकाल आले तेव्हा थोडा फरक होता, पण भांडण्याइतका नव्हता. त्या दिवसापासून बैठकीत ‘तुमचं पाणी’, ‘आमचं पाणी’ हे शब्द कमी झाले आणि लोक ‘पुलावरचं पाणी’ म्हणायला लागले.

तुमच्या नगर परिषदेच्या हातात आहे तो हा पूल. इंदूर वर आहे, उज्जैन खाली आहे, आणि मोजमापाची जागा तुमच्याकडे आहे. मोठी शहरं एकमेकांच्या आकड्यांवर विश्वास ठेवत नाहीत; मधल्या गावाच्या आकड्यावर दोघं ठेवू शकतात, अट एवढीच की तो दोघांच्या डोळ्यांसमोर घेतलेला असावा.

मोजायचं काय? बीओडी तर हवाच. पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, त्याचं ते माप. पण त्याची चाचणी 27 अंशांवर तीन दिवस चालते. निकाल येईपर्यंत ते पाणी उज्जैनच्या पुढे गेलेलं असतं. म्हणून रोजच्या कामाला विरघळलेला प्राणवायू, सामू (पाणी आम्ल आहे की अल्कली), वाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज) आणि पाण्याची पातळी एवढं पुरे. हातात धरायचं मीटर मिळतं, ते वापरायला शाळेत विज्ञान शिकलेला मुलगा दोन दिवसांत शिकतो. आणि पातळीसाठी पुलाच्या खांबावर रंगवलेली पट्टी. प्रवाह किती ते माहीत नसेल तर घाण किती आली हे सांगताच येत नाही. नुसती तीव्रता कळते. ही चूक मी मोठमोठ्या अहवालांतही पाहिली आहे.

वेळेचंही भान ठेवा. इंदूरमध्ये सकाळी सात ते दहा घरोघरी नळ आणि न्हाणीघरं चालू असतात. ती लाट इंदूरच्या कबीटखेडीला पोचते, तिथल्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातून जाते, मग नदीनं उतरत तुमच्याकडे येते. इंदूरची सकाळ तुमच्याकडे कधी पोचते? उन्हाळ्यात, मधल्या स्टॉपडॅमना, म्हणजे छोट्या बंधाऱ्यांना, फळ्या लावलेल्या असताना, दोन दिवसही लागू शकतात. फळ्या काढल्या की तेच पाणी काही तासांत येतं, आणि बंधाऱ्यामागे साठलेला काळा गाळही सोबत घेऊन येतं. उज्जैनला एखाद्या दिवशी अचानक काळं पाणी दिसतं तेव्हा दरवेळी इंदूरनं काही सोडलेलं असतं असं नाही. कधीकधी मधल्या गावानं शेतीच्या सोयीनं फळी काढलेली असते. एका पावसाळ्याआधी मी तीन आठवडे रोज पहाटे अशा बंधाऱ्यांवर फिरलो तेव्हा हे लक्षात आलं. तोवर मीही इंदूरलाच दोष देत होतो.

आता एक गोष्ट जी बैठकांमध्ये फारशी कोणी मोकळेपणानं मांडत नाही. इंदूर आणि उज्जैन यांची पास होण्याची मार्कं वेगळी आहेत. नव्या शुद्धीकरण प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या आत असावा अशी साधारण अपेक्षा असते. नदीत स्नान करायचं तर तो 3 च्या आत लागतो. कबीटखेडीचा 245 एमएलडीचा प्रकल्प, म्हणजे दिवसाला साडेचोवीस कोटी लिटर, उत्तम चालला तरी त्यातून बाहेर पडणारं पाणी स्नानाच्या लायकीचं होत नाही. पूर्वी नदीतलं स्वतःचं स्वच्छ पाणी ही तफावत भरून काढायचं. आता पावसाळा संपला की उज्जैनच्या क्षिप्रेला, जिला कान्ह मिळते, स्वतःचा प्रवाह जवळपास उरत नाही. त्यामुळे इंदूरनं आपलं काम चोख केलं तरी उज्जैनची तक्रार खरीच राहते. हे दोघांनाही मान्य करायला लावा. इंदूरचे लोक मनानं मोठे आहेत. 2017 पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं येणाऱ्या शहराला ‘तुम्ही घाण करता’ म्हटलं की ते दुखावतात. ‘तुमचं पाणी तुमच्या परीक्षेत पास आहे, आता यांच्या परीक्षेचं बघू’ असं म्हटलं की ऐकतात.

त्रिवेणीवर हे फार स्पष्ट दिसतं. उज्जैनच्या अलीकडे, शनिमंदिराजवळ, कान्ह क्षिप्रेला मिळते. मोठ्या स्नानाच्या आधी तिथं कान्हचं पाणी अडवायला मातीचा बंधारा घालतात. डंपरनं मुरूम आणतात, पोकलेननं दाबतात, आणि एखाद्या अवकाळी पावसात तो वाहून जातो. मी अशा बंधाऱ्यावर उभा राहिलोय. एका बाजूला काळसर, फेसाळलेलं पाणी बोट बोट वर चढत होतं, दुसऱ्या बाजूला नर्मदेतून आणलेलं हिरवट, नितळ पाणी, आणि मध्ये दहा पावलांची माती. पलीकडून आलेल्या एका म्हाताऱ्या बाई ओंजळ भरून उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, ‘भैया, हे पाणी कोणत्या नदीचं?’ मला चटकन उत्तर देता आलं नाही. नर्मदेचं पाणी, क्षिप्रेचं पात्र आणि शेजारी दाबून धरलेली कान्ह.

2014 साली नर्मदा-क्षिप्रा जोडयोजना सुरू झाली. नर्मदेचं पाणी उचलून इंदूर जिल्ह्यातल्या उज्जैनी गावाजवळ क्षिप्रेच्या उगमाशी सोडतात. ते पाणी घाटापर्यंत वेळेवर पोचायला पंप, वीज, मधले बंधारे आणि किमान दोन जिल्ह्यांची कार्यालयं जागी असावी लागतात. 5 जानेवारी 2019 च्या शनैश्चरी अमावस्येला ते वेळेवर पोचलं नाही. हजारो भाविक त्रिवेणीवर आले आणि घाटाशी चिखल होता. त्यानंतर सरकारनं उज्जैन विभागाचे आयुक्त आणि जिल्हाधिकारी दोघांनाही हलवलं. बदल्यांनी राग शमला असेल. पण माझ्या लेखी त्यातला धडा असा की पाणी निघालं का, कुठवर आलं, कधी पोचणार, हे सांगणारा एकही मधला माणूस त्या साखळीत नव्हता. रेल्वेत गाडी कुठल्या स्टेशनवरून सुटली ते पुढच्या स्टेशनाला कळवतात ना, तेवढंच हवं होतं.

पाणी वळवण्याची कामंही आहेत. 2016 च्या सिंहस्थाआधी कान्हचं पाणी पिपल्या राघौपासून उचलून कालियादेह महालाकडे नेणारी पाईपलाइन झाली. प्रवाह तिच्या पोटापेक्षा जास्त झाला की उरलेलं पाणी जुन्याच वाटेनं त्रिवेणीला येत राहिलं. आता 2028 च्या सिंहस्थासाठी सुमारे 30 किलोमीटरचं बंद कालव्याचं काम हाती घेतलंय, त्यातला काही भाग बोगद्याचा आहे. घाटांसाठी याची गरज मला पटते. पण हे पाणी उज्जैनला वळसा घालून गंभीर नदीकडे जाणार, म्हणजे पुढच्या गावांच्या दारात जाणार. तिथले लोक आज एकाही बैठकीत दिसत नाहीत. आज तुम्ही जे विचारताय ते उद्या ते विचारतील. शिवाय तुमच्या भागातले कितीतरी शेतकरी कान्हच्या पाण्यावर गहू आणि भाजीपाला काढतात. त्यांच्या दृष्टीनं हे पाणी घाण असलं तरी बारमाही आहे. कालवा तुमच्या भागात आला आणि तुमच्या हद्दीत पाणी कमी झालं तर त्यांना काय मिळणार, हा प्रश्न तुम्हीच विचारायला हवा. दुसरं कोणी विचारणार नाही. शुद्ध केलेलं पाणी शेतीला ठरावीक मात्रेत मिळावं अशी मागणी लेखी करा, आणि पाण्यासोबत मातीचीही तपासणी मागा, कारण इंदूरच्या सांवेर रोडच्या कारखान्यांचं पाणीही याच खोऱ्यात उतरतं.

आता तुमच्या स्वतःच्या नाल्याबद्दल. राग मानू नका. मधल्या गावांमधून फिरताना मी नेहमी आधी गावाचा नाला कुठं मिळतो ते बघायचो. इंदूरला जाब विचारणाऱ्या गावाचं स्वतःचं सांडपाणी तसंच नदीत जात असेल तर समोरचा अधिकारी नम्रपणे ऐकतो आणि फाईल बाजूला ठेवतो. तुमच्या गावाचं पाणी इंदूरच्या तुलनेत थेंबभर असेल, तरी आधी ते मोजा. नाल्याच्या तोंडाशी एक, गावाच्या वर एक, गावाच्या खाली एक, असे तीन नमुने घ्या आणि ते आकडे स्वतःहून जाहीर करा. 15 व्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या काळात लहान शहरांच्या अनुदानाचा 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांना बांधून दिला होता. तुमच्या परिषदेनं तो कशावर खर्च केला हे लेखापालाकडून बघून घ्या. कित्येक ठिकाणी त्यातून पंप आणि टँकर घेतलेले आढळतात, आणि नाला होता तिथेच असतो.

देणं-घेणं एकाच दिशेचं नसतं, हेही बैठकीत सांगत जा. आम्ही इंदूरवाले पाणी दुसऱ्याच्या दारातून आणतो. खरगोन जिल्ह्यात मंडलेश्वरजवळच्या जलूदहून नर्मदेचं पाणी सुमारे 70 किलोमीटर अंतर आणि चारशे मीटरहून जास्त चढण चढून शहरात येतं. 1970 च्या जनआंदोलनानंतर ती योजना मंजूर झाली आणि 1978 मध्ये पाणी पोचलं. तो दिवस माझ्या आईनं आम्हाला दिवाळीसारखा सांगितलाय. विजेचा खर्च इतका की 2023 च्या फेब्रुवारीत नगर निगमनं 244 कोटी रुपयांचे हरित रोखे जनतेला विकायला काढले, जलूदलाच 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा करायला. मागितलेल्या रकमेच्या कितीतरी पट पैसे द्यायला लोक तयार झाले. म्हणजे इंदूरचा नळ, खरगोनची जमीन आणि देशभरच्या गुंतवणूकदारांचा पैसा. याला प्रादेशिक सहकार्य म्हणत नसले तरी ते तेच आहे. देवासचं उदाहरण जुने लोक विसरलेले नाहीत: 1990 च्या उन्हाळ्यात तिथं पाणी इतकं आटलं की इंदूरहून रेल्वेनं टँकर भरून पाठवावे लागले. पुढे त्याच देवास जिल्ह्यात 2006 पासून शेतकऱ्यांनी हजारो शेततळी खोदली आणि चित्र पालटलं. शेजाऱ्याची मदत आणि स्वतःचं खोदकाम, दोन्ही लागलं.

पैशाचं बोलू, कारण तिथे गाडं अडतं. माझ्या नोकरीत एकदा चार-पाच लहान गावांचा कचरा एका मोठ्या शहराच्या प्रकल्पात न्यायचं ठरलं. टनामागे दर ठरला, सह्या झाल्या, फोटो निघाले. पावसाळा लागला आणि भांडण पेटलं. उघड्या ट्रॉलीत भिजलेला कचरा काट्यावर जवळजवळ दीडपट भरत होता. गावं म्हणाली पावसाच्या पाण्याचे पैसे आम्ही का द्यावेत. प्रकल्पवाले म्हणाले ओला कचरा हाताळायला आम्हाला जास्त खर्च येतो. दोघांचंही बरोबर होतं, आणि करारात ट्रॉलीवर ताडपत्री घालायची की नाही एवढी ओळ नव्हती. चार महिन्यांत गावांनी कचरा पुन्हा ओढ्याकाठी टाकायला सुरुवात केली. ज्या कार्यालयानं करार लिहिला त्याचं नाव घेत नाही, मसुदा तपासणाऱ्यांत मीही होतो. तेव्हापासून कुठल्याही सामायिक करारात मी तीन गोष्टी आधी शोधतो: मोजणार कोण, कुठल्या काट्यावर, आणि मोजमापावर वाद झाला तर किती दिवसांत कोण निकाल देणार. दर किती हे त्यानंतर.

आणि रक्कम मोठीच असली पाहिजे असं नाही. हिमाचलातल्या पालमपूरचं उदाहरण मी सगळ्यांना देतो. लहानसं गाव, तेव्हा तुमच्यासारखीच नगर परिषद. तिच्या पिण्याच्या पाण्याचा झरा वरच्या गावांच्या जंगलात आहे. 2010 मध्ये नगर परिषदेनं त्या गावांच्या वन समितीशी करार केला: तुम्ही जंगल राखा, आम्ही दरवर्षी 10,000 रुपये देऊ. रकमेपेक्षा मोठी गोष्ट ही की खालच्या शहरानं वरच्या गावाचं काम म्हणजे काम आहे हे कागदावर मान्य केलं. तुमच्या बाबतीत हे उलटं आहे, घाण वरून येते. म्हणजे वरच्या शहरानं मधल्या गावाच्या मोजमापाचा आणि देखरेखीचा खर्च उचलावा, असं मागायला तुम्हाला आधार आहे.

आता महानगर क्षेत्र. 2025 च्या ऑगस्टमध्ये मध्य प्रदेश विधानसभेनं महानगर क्षेत्र नियोजन आणि विकासाचा कायदा मंजूर केला. इंदूरच्या भोवती उज्जैन, देवास, धार आणि शाजापूर या जिल्ह्यांचे भाग एकत्र विचारात घ्यायचे, असा त्यामागचा आराखडा आहे. मी या कायद्याच्या बाजूचा आहे, कारण नदी, बस, कारखाना आणि कचरा कुठलाही जिल्हा ओळखत नाहीत. पीथमपूर धार जिल्ह्यात, तिथं काम करणारी माणसं राहतात इंदूरला. 2025 च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाइडचा 337 टन विषारी कचरा जाळायला पीथमपूरला आणला तेव्हा इंदूरकर एकदम जागे झाले, कारण तिकडचं पाणी गंभीर नदीतून आपल्या यशवंत सागरात येईल ही भीती होती. 1939 साली होळकरांनी बांधलेल्या त्या तलावाचं पाणी शहर आजही पितं. तोवर किती जणांनी त्याचं पाणलोट कुठल्या जिल्ह्यात आहे ते पाहिलं होतं?

पण या कायद्यानं येणारं महानगर प्राधिकरण झालं की बाकी सगळं आपोआप होईल, असं मानून बसू नका. रस्ते आणि भूखंड यांत त्याचा जीव जास्त रमतो, असं दुसऱ्या शहरांत दिसलंय. तुमच्या हातात राज्यघटनेचं कलम 243 झेडई आहे, ते छापून जवळ ठेवा. 74 व्या घटनादुरुस्तीनं आलेलं हे कलम महानगर नियोजन समितीबद्दल आहे. समितीतले किमान दोन तृतीयांश सदस्य नगर संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे असतात. आराखडा करताना पाणी आणि इतर नैसर्गिक साधनांची वाटणी बघायची, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तुम्ही निवडून आलेल्या सदस्य आहात, म्हणजे हे कलम तुमच्याबद्दल आहे. तुमच्यासारख्या पाच-सहा लहान नगर परिषदा आणि मधल्या पंचायती एकत्र आल्या, तर एक उमेदवार एकमतानं पुढे करता येईल. वेगवेगळे गेलात तर मोठ्या शहरांच्या मतांपुढे तुमचा आवाज ऐकू येणार नाही. हे काम आत्ताच करा, निवडीची सूचना निघेपर्यंत थांबू नका.

तुम्ही शेवटी विचारलं आहे की परदेशी शहरांच्या संघटनांमध्ये सामील होण्याचा फायदा आहे का. आशियातल्या शहरांचं सिटीनेट 1987 पासून आहे, आणि शहरं एकमेकांकडून शिकतात यावर माझा पूर्ण विश्वास आहे. एका अशाच भेटीत दुसऱ्या शहराच्या पंपचालकानं रात्रपाळीचा तक्ता भिंतीवर कसा लावतात ते आमच्या चालकाला दाखवलं, आणि तो तक्ता आमच्याकडे नऊ वर्षं टिकला. पण तुमच्या पातळीवर आधी पन्नास किलोमीटरच्या आतली ओळख करा. आणि दौऱ्यावर अध्यक्षांसोबत पंपावरचा माणूसही गेला पाहिजे. ज्याच्या हाताखाली व्हॉल्व्ह आहे तो काही बघून आला तर दुसऱ्या दिवशीपासून फरक पडतो.

एवढं सगळं एकदम होणार नाही, म्हणून क्रम सांगतो. पहिल्या महिन्यात फक्त स्वतःचा नाला आणि पुलावरची पातळीची पट्टी. दुसऱ्या महिन्यात परिषदेचा एक ठराव करा, अर्ध्या पानाचा: अमुक पुलावर दर पंधरवड्याला इंदूर आणि उज्जैन यांच्या प्रतिनिधींसमोर संयुक्त नमुना घेतला जाईल. त्यात कोणावरही आरोप नको. सीएमओंच्या सहीनं तो दोन्ही नगर निगमांना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला पाठवा. एखादी बाजू आली नाही तरी ठरलेल्या वेळी नमुना घ्या आणि ‘प्रतिनिधी अनुपस्थित’ असं वहीत लिहा. दोन-तीनदा तसं लिहिलं गेलं की माणूस येतो, हा माझा अनुभव आहे. वही हातानं लिहिलेली, पानांना क्रमांक दिलेली असू द्या. संगणकावरची नोंद नंतर करा.

आणि नमुन्याच्या दिवशी दोन्हीकडच्या पोरांना तुमच्याकडे जेवायला थांबवा. ते मोठ्या साहेबांच्या बैठकीला नसतात, पण रात्री दोन वाजता ‘फळ्या काढल्यात, पाणी निघालंय’ हा फोन तेच एकमेकांना करतील. आमच्याकडे तो फोन सुरू व्हायला सात महिने लागले. पहिला फोन आला तेव्हा उज्जैनच्या बाजूला घाटावरचे पंप चार तास आधी बंद करता आले.

पावसाळा लागायच्या आत पट्टी रंगवून घ्या. जूननंतर खांबाशी उतरता येणार नाही. लाल रंगाला वरून पिवळी रेघ द्या, म्हणजे गढूळ पाण्यातही आकडा दिसतो. पहिल्या दोन पंधरवड्यांचे आकडे आले की इथेच टाका, मी बघून सांगतो काय विचारायचं ते.